ऊन गेलं, ब्लाइंड राहिला

प्रश्न : ऑफिसात पश्चिमेला मोठ्या खिडक्या आहेत. दुपारी ऊन डोळ्यांवर आलं की आम्ही ब्लाइंड्स ओढतो. मग ते खालीच राहतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवे लागतात. यात एसीची वीज वाचते की दिव्यांची वाढते?

उत्तर : दोन्ही होतं, वेळ तेवढी वेगळी. वीज-ऑडिटला गेले की आत शिरण्याआधी मी सकाळी दहाच्या सुमारास इमारतीला बाहेरून एक चक्कर मारते. पश्चिमेला तेव्हा उन्हाचा पत्ता नसतो, पण ब्लाइंड्स खाली आणि फटींतून ट्यूबलाइट दिसते. माझं निम्मं काम तिथेच होतं.

दुपारचं तुमचं बरोबर आहे. चारच्या कडक उन्हात पश्चिमेच्या काचेवर चौरस मीटरमागे ५००-६०० वॅट सहज पडतात. साधी एकेरी काच त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत सोडते. तीन चौरस मीटरची खिडकी म्हणजे खोलीत लावलेला सव्वा किलोवॅटचा हीटरच. आतला ब्लाइंड त्यातलं सगळं परतवू शकत नाही, कारण ऊन काच ओलांडून आलेलं असतं. पांढरा असेल तर बराच उजेड काचेतून माघारी जातो. गडद असेल तर तोच तापतो आणि त्याची धग तुमच्या पाठीला लागते. खिडकीबाहेरच्या झडपांची सर त्याला नाही.

बिल वाढतं ते ऊन उतरल्यावर. डोळ्यांवर आलेली तिरीप लगेच टोचते, ती गेल्याचं कुणाला कळत नाही. अंधारलं की हात दोरीऐवजी बटणाकडे जातो. शिवाय दिव्यांची वीज शेवटी उष्णताच होते, तीही एसीनेच उपसायची. एके ठिकाणी मोटरचे ब्लाइंड्स बसवले होते. ढग आला की ते वर, गेला की खाली! वैतागून लोकांनी प्लगच काढून ठेवला होता. मला त्यांचा राग आला नाही.

तुम्ही आधी टेबलं फिरवा. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी. मग ब्लाइंड ओढायची वेळच कमी येते. ओढलाच तर पूर्ण मिटू नका, पट्ट्या तिरक्या करून उजेड छताकडे वळवा. आणि सकाळी झाडलोट करणाऱ्यांना पश्चिमेचे सगळे ब्लाइंड्स वर करून ठेवायला सांगा.