सरकारी लेबलवर पंक अल्बम, मग हे कसले पंक?

प्रश्न : मी रामस्टाइन या जर्मन मेटल बँडचा फॅन आहे. त्यातले पॉल लांडर्स आणि फ्लाके आधी पूर्व जर्मनीतल्या फीलिंग बी नावाच्या पंक, म्हणजे बंडखोर रॉक वाजवणाऱ्या, बँडमध्ये होते असं कळलं. पण त्यांचा पहिला अल्बम सरकारी कंपनीने काढला होता म्हणे. मग हे सरकारचेच लोक ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : अल्बमची माहिती बरोबर आहे, आणि हा आरोप त्यांच्यावर तिकडच्या पंक पोरांनीही केला होता. पण मला तो अजिबात पटत नाही, कारण तेव्हा पूर्व जर्मनीत दुसरी रेकॉर्ड कंपनीच नव्हती हो! सगळं एकाच सरकारी कंपनीच्या हातात, पॉप-रॉकसाठी तिचं लेबल आमिगा. नुसतं स्टेजवर चढायचं तरी आधी कमिटीसमोर वाजवून दाखवायचं, ती पास करणार, दर्जा देणार, त्या दर्जावर मानधन ठरणार, आणि तो परवानगीचा कागद नसेल तर जाहीर कार्यक्रम बंद.

बँड सुरू झाला 1983 मध्ये पूर्व बर्लिनला, म्हणजे नेमक्या त्याच वर्षी जेव्हा स्टासीने, म्हणजे तिकडच्या गुप्त पोलिसांनी, पंक लोकांवर जोरात कारवाई सुरू केली. नामेनलोज नावाच्या बँडची पोरं गाण्यांपायी जेलमध्ये गेली, बाकीचे चर्चच्या हॉलमध्ये वाजवायचे कारण तिथे कागद लागत नव्हता. एरफुर्ट शहराकडच्या श्लाइमकाइम या बँडने खोटं नाव लावून रेकॉर्डिंग पश्चिम बर्लिनला पाठवलं, तिथे रेकॉर्ड निघाली आणि इकडे त्या बँडच्या ओत्सेला अटक झाली. हा होता दुसरा रस्ता.

फीलिंग बी ने कागद घेतला. गायक अल्योशा रोम्पे तेव्हाच पस्तिशीचा, फ्लाके अजून सतरासुद्धा पूर्ण नाही. अल्योशाचे सावत्र वडील सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षातले मोठे शास्त्रज्ञ, आणि स्वतःकडे स्विस पासपोर्ट, म्हणजे हा माणूस बर्लिनची भिंत ओलांडून पश्चिम बर्लिनला जाऊन परत येऊ शकत होता! कायमचा निघून जाणं त्याला सहज जमलं असतं, तरी तो पूर्वेतच राहिला, बँड चालवला, गावोगाव कार्यक्रम केले, आणि मला तरी यातच त्याचं पंकपण दिसतं.

1988 ला आमिगाने चार नव्या बँडची मिळून एक रेकॉर्ड काढली त्यात हे होते, आणि 1989 मध्ये स्वतःचा अल्बम आला, 'हेआ होआ होआ होआ हेआ होआ हेआ'. पूर्व जर्मनीत निघालेला हा पहिला पंक अल्बम मानतात. त्यातलं 'आर्टिग' ऐका. आम्ही कायम शहाण्या बाळासारखं वागू, कारण तसं वागलं तरच सगळ्यांना आवडतो, असं ते गाणं म्हणतं आणि तेही बेभान आरडाओरडा करत. शाळेपासून नोकरीपर्यंत हेच ऐकत आलेल्या पोरांना कळत होतं कुणाला टोमणा आहे, आणि तो छापला सरकारच्याच लेबलने. सरकारच्या माणसांनी असलं गाणं केलं असतं का?

त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला भिंत उघडली, पुढच्या वर्षी देशच राहिला नाही. बँडने अजून दोन अल्बम केले, ड्रमवर ख्रिस्टोफ श्नायडर आला, आणि पॉल, फ्लाके, श्नायडर तिघेही पुढे रामस्टाइनमध्ये गेले. अल्योशा 2000 मध्ये वारला. रामस्टाइनचा जड आवाज डोक्यात ठेवून हा अल्बम लावू नका, इथे सगळं हलकं, वेगवान आणि बऱ्यापैकी विस्कळीत आहे, फ्लाकेचा कीबोर्ड मात्र लगेच ओळखू येईल.