नावावर धड पुस्तक नसलेला फेलिक्स फेनेओं एवढा महत्त्वाचा कसा?

तुम्ही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार सिन्याकने काढलेलं फेनेओंचं ते चित्र पाहिलंत: रंगीत गरगरत्या पट्ट्यांपुढे हातात फूल धरून उभा असलेला बोकडदाढीवाला माणूस. नंतर शोधलंत, तर ‘फ्रेंच लेखक व संपादक’ एवढंच सापडलं, पुस्तक एकही नाही. म्हणून विचारताय की न लिहिता हा लेखक कसा.

एक दुरुस्ती आधी करतो. अगदीच एकही नाही असं नाही. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांवरची एक छोटी पुस्तिका १८८६ साली त्याने छापली होती. जिवंतपणी तेवढीच. बाकी जे लिहिलं ते नियतकालिकांत, बरंचसं आद्याक्षरांनी, टोपणनावाने किंवा नावाशिवाय.

माझी आणि त्याची गाठ वेगळ्याच वाटेने पडली. मी एका वृत्तपत्रात अकरा वर्षं जिल्हा डेस्कवर होतो. ‘विहिरीत पडून वृद्धेचा मृत्यू’, ‘ट्रॅक्टर उलटून दोन ठार’ अशा चार ओळींच्या बातम्या करणं हे माझं काम. त्या काळात एका मित्राने फेनेओंच्या तीन ओळींच्या बातम्यांचं इंग्रजी भाषांतर हातात ठेवलं आणि म्हणाला, “बघ, तुझ्याच धंद्यातला आहे.” त्या रात्री झोप लागली नाही.

१९०६ च्या मे ते नोव्हेंबरमध्ये तो पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकात होता. तारेने आलेल्या किरकोळ बातम्या तीन ओळींत बसवायच्या, हे त्याचं काम. अशा बाराशेहून जास्त बातम्या त्याने लिहिल्या, एकीखालीही सही नाही. आत्महत्या, रेल्वेखाली सापडलेले लोक, टेलिफोनच्या तारा चोरणारे, शाळेत क्रूस टांगल्याबद्दल निलंबित झालेले गावोगावचे महापौर. फ्रान्समध्ये धर्म आणि सरकार नुकतेच कायद्याने वेगळे झाले होते, त्याची भांडणं चालू होती. सदराचं नाव ‘तीन ओळींत नूव्हेल’, तेही दुहेरी. फ्रेंचमध्ये ‘नूव्हेल’ म्हणजे बातमी, आणि ‘नूव्हेल’ म्हणजे कथाही.

एक नमुना माझ्या शब्दांत सांगतो. मैदानात लोखंडी गोळे टाकण्याचा खेळ चाललाय, पंचाहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांना तिथेच मेंदूचा झटका येतो. कोणीही उपसंपादक इथे थांबेल. फेनेओं एक वाक्य जास्त लिहितो: त्यांनी टाकलेला गोळा अजून गडगडत होता, आणि ते मात्र संपलेले होते. आम्हाला शिकवलेलं की कोण, कुठे, कधी हे आधी सांगून टाका. हा मृत्यू अगोदर सांगतो आणि शेवटी नजर त्या गोळ्यावर नेऊन ठेवतो. दया नाही, टिंगलही नाही. वाचणारा हसतो आणि लगेच ओशाळतो.

मी काही बातम्या मराठीत आणून पाहिल्या. आपलं क्रियापद मुळातच शेवटी येतं, त्यामुळे त्याचा शेवटचा फटका मराठीत आपोआप बसतो. अडतं ते मधल्या स्वल्पविरामांत. तो दोन स्वल्पविरामांच्या मध्ये माणसाचं अख्खं आयुष्य सरकवून देतो. मराठीत तिथे ‘ज्याने… त्याने’ करावं लागतं आणि वाक्य सरकारी पत्रासारखं होतं.

सरकारी पत्रावरून आठवलं, तो सरकारी कारकूनच होता. जन्म १८६१ चा, इटलीतल्या तुरिनमध्ये, वडील फ्रेंच, आई स्विस. १८८१ मध्ये परीक्षा देऊन पॅरिसला युद्ध मंत्रालयात चिकटला आणि तेरा वर्षं तिथे राहिला. वागणं अत्यंत सभ्य, पोशाख नीटनेटका. कचेरी सुटली की मासिकांची कामं. १८८६ मध्ये ‘ला व्होग’ या मासिकाकडे फ्रेंच कवी रँबोच्या गद्यकवितांची हस्तलिखितं आली, सुटी पानं. त्यांचा क्रम लावून ती छापण्याचं काम फेनेओंने केलं. रँबो तेव्हा कविता सोडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बंदुका विकण्याच्या खटपटीत होता, त्याला कोण विचारणार? आज आपण ‘इल्युमिनेशन्स’ म्हणून जे वाचतो त्याच्या पहिल्या छापील रूपामागे या कारकुनाचा हात आहे.

त्याच वर्षी सरा या चित्रकाराचं ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं भलंमोठं चित्र प्रदर्शनात लागलं. लोक हसत होते. फेनेओंने थंडपणे समजावलं की रंग पॅलेटवर मिसळायचे नाहीत, शेजारी शेजारी ठेवायचे, मिसळण्याचं काम पाहणाऱ्याचा डोळा करेल. या मंडळींना ‘नव-इम्प्रेशनिस्ट’ हे नावही त्यानेच दिलं. सिन्याकने त्याचं चित्र काढलं ते या उपकारानंतर, १८९० मध्ये. फेनेओंची इच्छा होती की चेहरा समोरून हवा. सिन्याकने बाजूनेच रंगवला. चित्र फेनेओंला फारसं आवडलं नव्हतं म्हणतात, तरी त्याने सांभाळून ठेवलं.

आता मुख्य भानगड. हा मंत्रालयातला कारकून अराजकवादी, म्हणजे सरकारच नको असं मानणारा होता. ४ एप्रिल १८९४ रोजी सेनेटसमोरच्या फ्वायो हॉटेलात बाँब फुटला. एक डोळा गेला तो लोराँ तायाद या कवीचा, आणि तोही अराजकवाद्यांचा सहानुभूतीदार! काही महिन्यांपूर्वीच्या दुसऱ्या एका बाँबबद्दल ‘कृती सुंदर असेल तर बळी कोण याची काय पर्वा’ अशा अर्थाचं तोच बोलून गेला होता. त्याच महिन्यात फेनेओंला अटक झाली आणि मंत्रालयातल्या त्याच्या खोलीत पाऱ्याची कुपी आणि स्फोटकं पेटवणाऱ्या नळ्या सापडल्या. युद्ध मंत्रालयात!

ऑगस्टमध्ये तीस जणांवर खटला चालला, आरोप कटाचा. तिथली उत्तरं वाचून मला कायम वाटतं की तीन ओळींची शैली या कोर्टात तयार झाली. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही एका अराजकवाद्याशी दिव्याच्या खांबामागे बोलताना दिसलात. याने विचारलं, महाराज, दिव्याच्या खांबाची मागची बाजू कोणती? त्या नळ्या वडिलांना रस्त्यात सापडल्या, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. रस्त्यात असल्या वस्तू सापडत नाहीत, असं न्यायाधीशांनी सुनावलं. उत्तर: तपास करणारे न्यायाधीश मला म्हणाले होते की तुम्ही त्या खिडकीतून फेकून द्यायला हव्या होत्या, म्हणजे रस्त्यात सापडू शकतात. कवी मलार्मे त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आला. पत्रकारांना तो आधीच सांगून चुकला होता की फेनेओंचे खरे स्फोटक म्हणजे त्याचे लेख.

ज्यूरीने सोडलं. अडकले ते तिघे, चोरीच्या गुन्ह्यांत. फ्वायोचा बाँब त्यानेच ठेवला असं काही चरित्रकार ठामपणे मानतात, पण त्या स्फोटाचा गुन्हा त्याच्यावर कधी सिद्ध झाला नाही. मला विचाराल तर एवढंच म्हणेन, त्या नळ्या तो सजावटीला ठेवत नव्हता. निर्दोष सुटल्यामुळे तो मला निरागस वाटत नाही. त्याच्यावर भाळणारे लोक तायादचा डोळा विसरतात, ते मला खटकतं.

नोकरी गेली. तुरुंगात असताना त्याने जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर अ‍ॅबे’ फ्रेंचमध्ये आणायला घेतली होती, जिच्यात नायिकेला भलत्याच ठिकाणी भयंकर गुन्ह्यांचा संशय येतो. निवड गंमतीची आहे. पुढे नातांसों बंधूंच्या ‘ला रव्ह्यू ब्लांश’ मासिकाचं संपादकीय काम त्याने १९०३ मध्ये ते बंद पडेपर्यंत पाहिलं. जीद, प्रूस्त, झारी, अपोलिनेर असे तेव्हाचे कोवळे लेखक त्या पानांत दिसतात, संगीतकार देब्युसी संगीतावर लिहितो. १९०० मध्ये सराची चित्रं त्याने मासिकाच्या कचेरीतच मांडली. सराला जाऊन नऊ वर्षं झाली होती. ‘ल मातँ’नंतर तो बेर्नहाइम-झन या कलादालनात गेला, चित्रकार मातिसला तिथे करारावर आणलं, १९१२ मध्ये इटालियन फ्युचरिस्ट चित्रकारांचं पॅरिसमधलं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं. आफ्रिकी शिल्पं जमवली, आणि १९२० मध्ये असल्या दूरदेशीच्या कला पॅरिसच्या लुव्हर संग्रहालयात जाव्यात का असं जाणकारांना विचारून त्यांची उत्तरं छापली.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे. रँबोची पानं, सराचे ठिपके, तारेने आलेल्या बातम्या, यांतला मूळ माल कुठलाच त्याचा नाही. कोणत्या पानानंतर कोणतं पान, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द, कोणाच्या भिंतीवर कोण, हे ठरवणं त्याचं. ‘मला अप्रत्यक्ष कामंच आवडतात’ असं तो म्हणे. डेस्कवर बसलेल्या माणसाला हे लगेच कळतं. इतरांना त्याचं नाव मुखपृष्ठावर लागतं.

त्या बातम्यांचं पुस्तक करू या असं एकाने सुचवलं, तर मला फक्त मौन हवंय असं उत्तर दिल्याचं सांगतात. २९ फेब्रुवारी १९४४ ला तो गेला. पण त्याच्या प्रेयसीने रोजची कात्रणं वहीत चिकटवून ठेवली होती. लेखक-संपादक झाँ पोलाँने १९४८ मध्ये त्याचं लेखन एकत्र छापलं आणि तेव्हा जगाला कळलं की १९०६ च्या दैनिकात कोण बसलं होतं.

इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. सलग वाचू नका, दिवसाला दहा पुरे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पेपरातल्या जिल्ह्याच्या पानावरची चौथ्या कॉलमातली बातमी वाचून बघा.