रिसीट की रिसिप्ट?

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'दुकानात मी "रिसिप्ट द्या" म्हटलं, तर लेकीने चारचौघांत चूक काढली. स्पेलिंगमध्ये पी ढळढळीत दिसतो, मग तो म्हणायचा का नाही?'

लेकीचं बरोबर आहे. उच्चार रिसीट. 'सी' दीर्घ, जोर त्याच्यावरच, बसायच्या सीटसारखा. आपण देवनागरीत वाढलेले, लिहिलं ते वाचायची सवय. अक्षर दिसलं की जीभ वळणारच. पण गोव्यात राहणाऱ्याला हे नवं नसावं. केपें, लोलयें यांच्या रोमन पाट्यांवर शेवटी एम असतो. बाहेरचा पाहुणा तो वाचून 'क्वेपेम', 'लोलिएम' म्हणतो आणि आपण गालातल्या गालात हसतो. अर्थात त्या एमला काम तरी आहे. पोर्तुगीज लेखनात तो नाकातल्या उच्चाराची खूण, म्हणजे आपला अनुस्वारच. रिसीटमधला पी नुसता मिरवायला.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचकडून आला, तो पी वाटेत सांडूनच. सुरुवातीला लिहीतही बिनपीचा. पुढे लॅटिन कोळून प्यालेल्यांना मूळचा 'रेसेप्टा' आठवला आणि त्यांनी पी परत आणून बसवला, तोही फक्त कागदावर. बोलणारे आधीसारखंच बोलत राहिले. 'डाउट'मधला बी हा याच मंडळींचा उद्योग. गंमत म्हणजे 'डिसीट' रिसीटच्याच कुळातला, पण आजही बिनपीचा. रिसेप्शनमध्ये मात्र प म्हणायचाच. तो शब्द लॅटिनचा प सांभाळून आला.

आता आपली 'पावती' बघा. मूळ संस्कृत 'प्राप्'. प्राकृतात त्यातल्या शेवटच्या प चा व झाला, त्यातून 'पावणे', त्यावरून पावती. 'रिसीव्ह'मधला व्हीसुद्धा लॅटिन पी झिजूनच झालेला आहे! उद्या एखाद्या शास्त्रीबुवांनी फर्मान काढलं, की मुळाचा मान राखून 'पाप्वती' लिहा, म्हणताना मात्र प गिळा, तर आपण त्यांना वेड्यात काढू. इंग्रजीत ते चालून गेलं.

जाता जाता, हिंदीतली 'रसीद' ही रिसीटचीच मोडतोड असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ती फारसी 'रसीदन'मधून आलेली, म्हणजे पोचणे. थोडक्यात, पावलेल्या पैशांची पावती, तशी पोचलेल्यांची रसीद.