तोफा मागे, मग माझा भाऊ पुढे कसा?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ तोफखान्यात आहे. तोफा मागे असतात, म्हणून आई जरा निर्धास्त होती. आता तो म्हणतो, ‘मी ओपी पार्टीत आहे, काही महिने एका इन्फंट्री पलटणीबरोबर वर चौकीवर राहणार.’ तोफखान्याच्या माणसाचं पलटणीत काय काम? आणि आईला काय सांगू?
— एक बहीण, माण तालुका

उत्तर : ताई, मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं ओपीतच, म्हणजे ऑब्झर्वेशन पोस्टमध्ये, टेक्निकल असिस्टंट होतो. आम्हाला टीए म्हणतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला घरचाच वाटला.

तोफ डोंगराआड दहा-पंधरा किलोमीटर मागे असते. तिथल्या जवानांना शत्रू दिसतच नाही. त्यांना आकडे मिळतात, त्या आकड्यांवर ते तोफ लावतात. ते आकडे देणारा डोळा पुढेच असावा लागतो. तो डोळा म्हणजे ओपी : एक अधिकारी, एक टीए, वायरलेसवाला आणि एखाद-दुसरा जवान. ओपी अफसर कंपनीच्या, म्हणजे पलटणीतल्या एका तुकडीच्या, कमांडरशेजारी असतो आणि आमचे बॅटरी कमांडर, म्हणजे तोफांच्या एका तुकडीचे प्रमुख, पलटणीच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांजवळ. कंपनी जिथे झोपते तिथे आम्ही झोपतो, तिच्याच लंगरात जेवतो, आणि ती चढाईला निघाली की पाठीवर वायरलेस सेट आणि त्याच्या जादा बॅटऱ्या घेऊन आम्हीही निघतो.

कामाचा एक नमुना सांगतो. लक्ष्य 2000 मीटरवर आहे. पहिला गोळा डावीकडे पडला. दुर्बिणीच्या काचेवर बारीक रेघा असतात, त्या ‘मिल’मध्ये मोजतात. हजार मीटरवर एक मिल म्हणजे साधारण एक मीटर. रेघांवर 40 मिल दिसले, तर दोन हजारावर झाले 80 मीटर. सेटवर सांगायचं, ‘राईट 80’. हे सोपं. गोळा पुढे पडला की मागे, हे ओळखणं अवघड. त्यासाठी धुराकडे बघायचं. धुराने लक्ष्य झाकलं, तर गोळा अलीकडे पडला. धुरासमोर लक्ष्य काळं उठून दिसलं, तर पलीकडे. हा धूर क्षणभरच नीट दिसतो, वारा सुटला की गेला. म्हणून गोळा येणार म्हटलं की आम्ही पापणी हलवत नाही. मग 400 मीटर मागे, 200 पुढे, 100 मागे, असं लक्ष्याला कात्रीत धरत आणायचं आणि मगच सगळ्या तोफा एकदम.

पहाडात हे गणित फार छळतं. कड्यावरचा शत्रूचा मोर्चा मारायचा असेल आणि गोळा थोडा जरी लांब गेला, तरी तो पलीकडच्या दरीत उतरतो. धूरच दिसत नाही, मग दुरुस्ती कशावर करायची? शिवाय उंचावर हवा विरळ, गोळा जास्त लांब जातो. 1999 साली कारगिल युद्धात द्रासमध्ये हेच होतं. तोलोलिंगचा डोंगर 13 जूनला राजपुताना रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीने घेतला, तेव्हा बोफोर्सचा मारा त्या चढाईचा मोठा आधार होता. माझी रेजिमेंट त्या वेळी दुसरीकडे होती, पण तिथून आलेल्या ओपीवाल्यांच्या तोंडून मी रात्र-रात्र ऐकलं आहे. 2022 मध्ये द्रासच्या पॉइंट 5140 या शिखराला तोफखान्याच्या सन्मानार्थ ‘गन हिल’ नाव दिलं, तेव्हा मला भरून आलं होतं.

खरी कसोटी शेवटच्या काही शे मीटरांत लागते. आपले जवान चढत असतात आणि शत्रूने डोकं वर काढू नये म्हणून गोळे त्यांच्या पुढ्यात पडत राहायला हवेत. लवकर थांबवले तर शत्रूची मशीनगन उठते. उशीर झाला तर आपलीच माणसं. कंपनी कमांडर ओपी अफसरकडे बघतो, तो सेटवर बोलतो आणि मारा टेकडीच्या मागच्या उतारावर सरकतो. आम्ही याला फायर उचलणं म्हणतो.

नाईक असताना एकदा सरावाच्या रेंजवर मी घाईत ग्रिड, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारे आकडे, उलटं वाचलं. आधी उत्तरेचे आकडे, मग पूर्वेचे. तोफांकडच्या हवालदाराने नियमाप्रमाणे ते परत वाचून दाखवलं. आमच्या साहेबांनी ती जागा नकाशावर शोधली, तर त्यांचं बोट आमच्याच एका प्लाटूनच्या शेजारी टेकलं. गोळा सुटला नव्हता. साहेब ओरडले नाहीत, फक्त बोट तिथून हलवलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक ग्रिड मी बोट ठेवून, आधी पूर्व मग उत्तर, मोठ्याने वाचलं.

आईला खोटं सांगू नका. तो पुढेच आहे. पण एकटा नाही. पलटण ओपीला जिवापाड जपते, कारण त्या सेटवर सांगितलं की तिच्या मदतीला तोफगोळे येतात. मी मराठ्यांबरोबर राहिलो, गढवाल्यांबरोबर राहिलो, दोघांच्या जयघोषात माझा आवाज होता. फोन आला की कुठे आहेस, तोफा किती आहेत, हे विचारू नका. जेवलास का, पाय कोरडे ठेवतोस का, पलटणीत कोण मित्र झाला, एवढं विचारा.

प्रश्न : मी बारावीत आहे, एनसीसीत आहे. ओपीत जायचं तर आतापासून काय शिकू?
— एक कॅडेट, सातारा

उत्तर : नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा आपल्या भागाचा नकाशा मिळव. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तो घेऊन अजिंक्यताऱ्यावर जा आणि समोरची प्रत्येक टेकडी, ओढा, देऊळ कागदावर शोध. मग खाली उतरून सपाटीवरचं एक झाड निवड, अंतराचा अंदाज वहीत लिही आणि पावलं मोजत तिथपर्यंत चालत जा. रोज एक झाड.