घरच्या घरी उंदीर वाढवून पाळलेल्या सापाला घालणं कोकणात जमतं का?

तुम्ही लिहिलंय की देवगडला राहता, एकच बॉल पायथन (पश्चिम आफ्रिकेतला बिनविषारी छोटा अजगर) आहे, बाराशे ग्रॅमच्या आसपास, फ्रोझन उंदीर पुण्याहून मागवावे लागतात आणि पावसात पार्सल अडकलं की जीव टांगणीला लागतो, म्हणून पांढरे उंदीर घरीच वाढवायचा विचार चाललाय. मी दापोली तालुक्यात राहते, आमच्याकडेही एकच बॉल पायथन आहे, आणि मी हे जवळजवळ दोन वर्षं केलं. जमतं. पण तुम्ही ज्या कारणासाठी करताय ना, त्या कारणासाठी करू नका असं मी सांगेन, आणि तरी करायचंच असेल तर कसं तेही सांगते.

आधी एक गोष्ट विचारून घेते, नोंदणी केलीय ना? बॉल पायथन सायटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये येतो, म्हणजे आपल्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 4 मध्ये, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. नसेल तर उंदरांचं नंतर, पहिलं ते काम करा. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, धामण, नाग, अजगर, आपल्याकडचा कुठलाही साप पकडून घरी ठेवणं गुन्हाच आहे, त्याला काय खायला घालू हा प्रश्नच येत नाही.

आता मी कशी यात पडले ते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या दापोली मंडणगडची पार दैना करून गेलं. झाडं, कौलं, विजेचे खांब सगळं आडवं, लाइट किती दिवस नव्हती ते आता मोजवतही नाही. फ्रीजरमध्ये तीन महिन्यांचे उंदीर होते ते सगळे कुजले, मागच्या आगरात खड्डा काढून पुरले. लॉकडाऊन होताच, नवीन मिळायची सोय नाही. साप उपाशी मरणार या भीतीने मला झोप लागेना. रोज उठून त्याला वजनकाट्यावर ठेवायचे. आणि वजन जवळजवळ हलतच नव्हतं! सात आठवडे त्याने काही खाल्लं नाही आणि वजन कमी झालं ते पन्नास ग्रॅमच्या आतच.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला यातच दिसतं. तब्येतीने चांगला असलेला मोठा बॉल पायथन महिना दोन महिने सहज उपाशी काढतो, थंडीत तर कित्येक जण आपणहून खाणं सोडतात, आणि ज्या पश्चिम आफ्रिकेतून हे साप येतात तिथेही त्यांना दर दोन आठवड्यांनी ताट वाढून कोणी ठेवत नाही. पार्सल तीन आठवडे उशिरा आलं तर त्रास तुम्हाला होतो, सापाला नाही. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, दहा टक्क्यांच्या वर घटलं किंवा साप लुळा वाटला, तोंडाशी फेस दिसला तर डॉक्टरकडे न्या, नाहीतर शांत रहा. लहान पिल्लू असतं तर मी असं म्हटलं नसतं, पिल्लांना इतका उपास चालत नाही.

पण हे मला त्या वेळी कळलं नाही, मी घाबरले होते, आणि पावसाळा संपता संपता दोन माद्या आणि एक नर घेऊन आले. छोटे पांढरे उंदीर, ज्यांना माइस म्हणतात ते. आता हिशोब बघा, कारण तो कोणी सांगत नाही. मादी 19 ते 21 दिवसांत विते, एका वेताला आठ-दहा पिल्लं, आणि नर सोबत असेल तर व्यालेल्या दिवशीच पुन्हा गाभण राहते. म्हणजे दोन माद्या महिन्याला सोळा ते वीस पिल्लं. पिल्लं पाच-सहा आठवड्यांत स्वतः वयात येतात, नर मादी वेगळे करायला एक आठवडा उशीर झाला की त्यांचीही पिल्लं. आणि माझा साप वर्षाला खातो किती, तर वीस ते पंचवीस वेळा. चार महिन्यांत माझ्याकडे साठच्या वर उंदीर झाले आणि ते कोणाला द्यायचे, कुठे ठेवायचे, की सगळे मारायचे, हा प्रश्न रोज समोर. जीव आहेत ते, हात लावला की हातावर चढून बसतात. नुसतं जास्त झाले म्हणून मारणं मला अजून आठवलं तरी बरं वाटत नाही.

त्यात आपलं हवामान. उंदराला 20 ते 26 अंश आणि मध्यम दमट हवा लागते. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो, उंदरांच्या टबमधलं तूस दोन दिवसांत कुबट, मुताचा अमोनिया वर उठतो आणि मग शिंका, नाकाडोळ्याला लाल पाणी, श्वास घेताना टिक-टिक आवाज. हा श्वसनाचा आजार एकदा उंदरांच्या कॉलनीत, म्हणजे कळपात, शिरला की जात नाही. आणि मे आणि ऑक्टोबर उलट, उंदराला घाम येत नाही, उष्णता टाकतो ती मुख्यतः शेपटीतून, तिशीच्या वर पारा गेला की नरांची वीर्यक्षमता पडते आणि पस्तिशीच्या पुढे तर मरूही शकतात. माझे एका मे महिन्याच्या दुपारी लाइट गेल्यावर पाच मेले, ती चूक माझीच होती, पत्र्याच्या खाली टब ठेवले होते.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळीच निघाली. उंदरांच्या टबांचा रॅक पडवीत होता. पहिल्या पावसाळ्यात एक धामण येऊन रॅकच्या मागे बसली, मी म्हटलं ठीक आहे, धामण आहे. दुसऱ्या वर्षी जुलैत सासूबाई पहाटे पडवी झाडायला गेल्या तर सर्वांत खालच्या टबाला लागून नाग. वन खात्याच्या 1926 नंबरवर फोन केला, सर्पमित्र आले, नीट सोडून आले, कोणाला काही झालं नाही, पण सासूबाईंचा झाडू त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. पन्नास उंदरांचा वास म्हणजे आजूबाजूच्या प्रत्येक सापाला आमंत्रण आहे हो. आपल्याकडे नाग आहे, घोणस आहे, मण्यार आहे, फुरसं तर तुमच्या सड्यावर दगड उचलला की असतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून जे लोक कॉलनीचे व्हिडिओ करतात त्यांना हा प्रश्न पडत नाही, तुम्हाला पडायला हवा, विशेषतः घरात म्हातारं माणूस किंवा रांगतं मूल असेल तर. त्या दिवशी संध्याकाळीच मी कॉलनी बंद करायचं ठरवलं.

आणि रानटी उंदीर पण येतात, खाण्याच्या वासाने. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) आपल्याकडे दर पावसाळ्यात असतोच, तो मुख्यतः उंदराच्या मुतातून पसरतो, आणि बाहेरचा उंदीर तुमच्या टबच्या जाळीवर चढून मुतला की तुमचे स्वच्छ पांढरे उंदीर स्वच्छ रहात नाहीत. म्हणूनच एक हात जोडून विनंती, पिंजऱ्यात सापडलेला घरातला किंवा शेतातला उंदीर फुकट मिळाला म्हणून सापाला कधीही घालू नका. लेप्टो राहू दे बाजूला, शेजाऱ्याने झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडिओलोनसारखं उंदीर मारायचं विष टाकलं असेल तर ते उंदराच्या पोटातून सापाच्या पोटात जातं.

तरी करायचंच असेल, समजा उद्या सापांची संख्या वाढली, तर बाराशे ग्रॅमच्या सापाला माइस नका वाढवू, रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे पाळीव उंदीर, वाढवा. त्याला वजनाच्या पाच ते सात टक्के म्हणजे साठ ते ऐंशी ग्रॅमचं एक भक्ष्य दोन-तीन आठवड्यांनी पुरतं, आणि तेवढा रॅट चार-पाच आठवड्यांत तयार होतो. मोठा माउस तीस ग्रॅमचा, म्हणजे एका वेळी दोन-तीन घालावे लागतील. आणि नर कायम मादीसोबत ठेवू नका, मी केलेली मुख्य चूक ही. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं, दहा दिवस नर सोबत ठेवा आणि काढून घ्या, 21 ते 23 दिवसांत वेत होईल, आठ-दहा-बारा पिल्लं. वर्षाला असे दोन-तीन वेत एका सापाला पुरतात. दोन माद्या एकत्र ठेवा आणि नरालाही लहानपणापासून सोबत वाढलेला भाऊ ठेवा, रॅटला एकटं ठेवलं की तो झुरतो.

जागा घरातलीच एक थंड खोली, चिऱ्याच्या भिंतीची असली तर उत्तम, दरवाजाखालची फट बंद, खिडकीला आणि नहाणीच्या पाइपला बारीक लोखंडी जाळी. प्लॅस्टिकची जाळी कुरतडून बाहेर येतात. रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आजी दुधा-तुपाचं कपाट ठेवायची तसे, नाहीतर लाल मुंग्या एका रात्रीत अख्खं वेत खाऊन टाकतात, मी बघितलंय ते आणि पुन्हा बघायचं नाहीये. खाली घालायला भातगिरणीवरचं तूस मिळेल पण चाळून घ्या, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट, त्यापेक्षा वर्तमानपत्राच्या पट्ट्या बऱ्या. तुमच्याकडे आंब्याच्या पेट्यांचा पेंढा पडलेला असेल, मादीला घरटं करायला तो फार आवडतो, फक्त गोठ्यात किंवा मांगरात उघडा पडलेला नको, त्यावर बाहेरचे उंदीर फिरलेले असतात. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा सफाई, नाकाला वास आला म्हणजे आधीच उशीर झालाय. घरात कोणाला दमा असेल तर विषय सोडून द्या, उंदराच्या मुताची ॲलर्जी खरी असते, आणि कोणी गरोदर असेल तर माइस तर अजिबातच नको, त्यांच्यातून एक विषाणू बाळाला बाधू शकतो.

खाणं चांगलं द्या, नुसता भात-पोळी नाही. सोळा ते वीस टक्के प्रोटीनच्या उंदरांसाठीच्या गोळ्या मिळतात, त्या सगळ्यात बऱ्या. तुमचा साप जे खातो ते त्या उंदराने खाल्लेलं असतं.

मारण्याबद्दल लोक लिहायला लाजतात, मी लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त हाल होतात. जिवंत उंदीर सापाच्या टाकीत सोडून निघून जाऊ नका, उंदीर सापाला पाठीपर्यंत कुरतडतो, त्या जखमा पिकतात, आणि उंदराचेही हाल. करमणुकीसाठी प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गुन्हा आहे, रील करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जिवंत पिल्लं फ्रीजरमध्ये टाकणं ही तर क्रूरताच. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर बाटलीत घालून गॅस करायचा जो जुगाड फिरतो तो पण नको, गॅस किती जातोय यावर ताबा रहात नाही आणि उंदीर गुदमरतो. सिलिंडर आणि रेग्युलेटर लावून कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडायचा असतो, मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के, हवेशीर जागेत, आणि हालचाल थांबल्यावरही काही मिनिटं चालू ठेवायचा. अगदी नवजात पिल्लांवर हा गॅस खूप उशिरा परिणाम करतो, म्हणून ती मारायची पाळी येईल असं नियोजनच करू नका. पहिल्या वेळी पशुवैद्याला बोलावून शिकून घ्या, मी शिकले.

सध्या माझं असं चालतं. छोटा डीप फ्रीजर वेगळा घेतलाय, उंदीर त्यात, सुरमई बांगडा घरच्या फ्रीजमध्ये, एकत्र कधीच नाही, कारण फ्रोझन उंदरांमधून माणसांना साल्मोनेलाची लागण झाल्याचं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये उघडकीला आलंय. वर्षातून दोनदा मागवते, एकदा ऑक्टोबरात आणि एकदा एप्रिलच्या शेवटी, म्हणजे घाट बंद पडायच्या आत चार महिन्यांचा साठा घरात. लाइट गेली तर फ्रीजर उघडायचाच नाही, भरलेला असला तर दोन दिवस तग धरतो, रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. आदल्या रात्री एक उंदीर बंद डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, दुसऱ्या दिवशी चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात पिशवीसकट, मायक्रोवेव्ह नाही, मग लांब चिमट्याने धरून. मागच्या ऑगस्टमध्ये साठा संपला आणि पार्सल बावीस दिवस उशिरा आलं. साठा संपला तेव्हा सापाचं वजन चौदाशे ग्रॅम होतं, पार्सल आलं तेव्हा तेराशे ऐंशी.