शहराने बांधकाम सुरक्षेचे नियम बदलले, तर जुन्या इमारतींनाही ते लागू होतात का?

सर्वसाधारणपणे होत नाहीत. इमारत ज्या काळी मंजूर झाली त्या काळचेच नियम तिला लागू राहतात आणि नवे नियम नव्या बांधकामाला किंवा मोठ्या फेरबदलाला बंधनकारक ठरतात. शहराने जुन्या इमारतींसाठी स्वतंत्र आदेश काढला, तर मात्र गोष्ट वेगळी.

लॉस एंजेलिसचे उदाहरण पाहा. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात एका तीन मजली लाकडी निवासी संकुलाचे वरचे मजले तळमजल्यावर बसले आणि १६ रहिवासी दगावले. आपल्याकडच्या स्टिल्ट पार्किंगप्रमाणे तळाशी भिंतींऐवजी नुसतेच बारीक खांब असले, की आडव्या हादऱ्यात सगळा भार त्यांच्यावर येतो आणि ते कलतात. तरीही अशा १९७८ पूर्वीच्या सुमारे १३,५०० इमारती पोलादी चौकटी किंवा भक्कम भिंती घालून मजबूत करण्याची सक्ती शहराने केली ती थेट २०१५ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी! मालकांना आदेश मिळाल्यापासून ७ वर्षे दिली गेली. ठिसूळ जुन्या काँक्रीट इमारतींना तर २५ वर्षे. भाडे-नियंत्रणाखालील घरांत यातील निम्मा खर्च भाडेकरूंकडून, मासिक मर्यादा पाळून, वसूल करण्याची मुभा मालकांना आहे.