ऑटम म्हणजे शरद? मग शिमग्याची पानगळ कोणाची?

गुहागरहून आलेली विचारणा थोडक्यात अशी : "शब्दकोशात ऑटम म्हणजे शरद ऋतू असे दिलेले असते आणि मुलांच्या पुस्तकात त्याच्या शेजारी लाल-पिवळ्या झाडांचे चित्र. आमच्याकडे दसऱ्याला सगळे हिरवेगार असते. पाने गळतात ती शिमग्याच्या आगेमागे. मग शरद हा शब्दच चुकला का? आणि पाने रंग बदलतात त्याला मराठीत नेमके काय म्हणायचे?"

शब्द चुकलेला नाही, त्याच्यावर भलतेच ओझे लादले गेले आहे. शरद हे काळाचे नाव आहे, पानगळ हे घटनेचे. बोस्टनला, क्योटोला किंवा श्रीनगरला हा काळ आणि ही घटना बरोबर येतात. कोकणात त्यांच्यात तीन-चार महिन्यांचे अंतर पडते, आणि सगळा घोळ तिथे आहे.

आधी काळ पाहू. उत्तर गोलार्धातला ऑटम खगोलाच्या हिशेबाने २२-२३ सप्टेंबरच्या विषुवदिनापासून २१-२२ डिसेंबरपर्यंत धरतात. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, ढोबळमानाने ऑक्टोबर-नोव्हेंबर. दोन्ही बऱ्यापैकी एकमेकांवर बसतात, म्हणून कोशकारांनी जोडी लावली. तारखांपुरती ती बरोबरच आहे. पण आपल्याकडे शरद म्हटले की डोळ्यांपुढे येते ते धुतलेले आकाश, कोजागरीचे चांदणे आणि लोंबीवर आलेले भात. 'जीवेत शरदः शतम्' मध्ये तर शरद म्हणजे अख्खे वर्षच. यात गळणारे पान कुठेच नाही. ते आपल्याकडे शिशिराच्या वाट्याला आले. शिशिर या शब्दाचा मूळ अर्थही 'थंड' एवढाच. पानांशी त्याचा संबंध नंतर, अनुभवाने जुळला.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. काश्मिरीत ऑटमला 'हरुद' म्हणतात, आणि हे हरुद म्हणजे आपले शरदच. संस्कृतातल्या 'श'चा त्या भाषेत अनेकदा 'ह' होतो. शतचे 'हथ' झाले तसेच हे. चिनार ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेटल्यासारखे लाल होतात, म्हणजे ऐन कार्तिकाच्या सुमारास. तेव्हा 'शरदातली पानगळ' हे शब्द काश्मीरबद्दल लिहिताना अगदी नेमके आहेत. तेच गुहागरबद्दल लिहिले तर खोटे ठरतात.

गुहागरात शरदात काहीच पिवळे होत नाही, असेही नाही. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते, गरवे दिवाळीकडे. त्याच वेळी सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, गवत पिवळे पडू लागते आणि पुढे तांबूस होत वाळते. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर, कुठे तीही नाही. पाऊस थांबला की तिथली ओल सर्वांत आधी संपते. म्हणून कोकणात रंगाची पहिली पाळी गवताची. झाडांची मुळे खोल, त्यांना अजून पाणी मिळत असते, ती थांबतात.

आता झाडे इतकी का थांबतात, आणि तिकडची का थांबत नाहीत? समशीतोष्ण प्रदेशातल्या झाडाला मुख्य इशारा मिळतो तो दिवसाच्या लांबीचा. बोस्टन सुमारे ४२ अंश उत्तरेला आहे. तिथे वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सहा तासांहून अधिक फरक पडतो. रत्नागिरी १७ अंशांवर. इथे हा फरक जेमतेम दोन तासांचा. शिवाय तिकडे पुढे पाणी गोठणार असते. पान ठेवणे म्हणजे तोटा, तेव्हा झाड वेळेत आवराआवर करते. पानातले हरितद्रव्य आणि प्रथिने मोडतात, आणि पानातले नत्र नि स्फुरद झाड फांदीत ओढून घेते. नत्राचा साधारण निम्मा वाटा असा परत मिळतो. हरितद्रव्य गेले की आधीपासून पानात असलेली पिवळी-केशरी द्रव्ये, म्हणजे कॅरोटिनॉइड, उघडी पडतात. पिवळा रंग नव्याने येत नाही, तो झाकलेला असतो. लाल रंगाचे तसे नाही. तो अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आणि बहुतेक झाडांत पान उतरणीला लागल्यावर उरलेल्या साखरेपासून ताजा बनतो. म्हणून एकाच झाडाची लाली दर वर्षी सारखी नसते. दिवस लख्ख उन्हाचे आणि रात्री गार पण न गोठवणाऱ्या असल्या तर रंग गडद येतो. ढगाळ, उबदार हवेत फिका येतो, आणि अवेळी गोठवणारी कडक थंडी पडली तर पान रंगण्याआधीच मरून तपकिरी होते. अमेरिकेच्या ईशान्येला हा बहर उत्तरेकडे सप्टेंबरअखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरभर दक्षिणेकडे सरकत जातो. क्योटोत तो नोव्हेंबरच्या शेवटी असतो.

कोकणात थंडीचा धाक नाही. किनाऱ्यावर जानेवारीतही पहाटेचे तापमान साधारण १८-२० अंश असते. इथला इशारा ओलीचा. तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो आणि जांभा तो धरून ठेवत नाही. पुढचे सात-आठ महिने झाडाने साठ्यावर काढायचे. म्हणून पानगळीची तारीख गावाला नसते, जागेला असते. सड्यावरचा आणि उघड्या उतारावरचा ऐनाचा वृक्ष आधी बोडका होतो. वहाळाकाठचा (ओढ्याकाठचा), आगराच्या (नारळ-पोफळीच्या बागेच्या) कडेचा ऐन त्याच दिवशी पानांनी भरलेला दिसतो. पाऊस लांबला तर सगळेच पुढे जाते. ढोबळ काळ डिसेंबरअखेर ते मार्च. सायन सूर्याच्या, म्हणजे विषुवदिन-अयनदिनांवरून मोजायच्या, हिशेबाने शिशिर २१-२२ डिसेंबरलाच लागतो, चांद्र महिन्यांनी तो माघ-फाल्गुन. कोणताही हिशेब धरा, कोकणची पानगळ त्याला जाऊन भिडतेच.

झाडागणिक तऱ्हा मात्र निराळ्या. काटेसावर लवकर मोकळी होते आणि मग बोडक्या फांद्यांवर फुलते. पांगारा, पळस त्याच वाटेचे. सागाचे पान रंगाचा फारसा थाट न करता करडे-तपकिरी होऊन खडखडत खाली येते. शिवण पिवळी होते. देवचाफ्याची पाने पिवळी होऊन एकेक गळतात. ज्याला खरोखर 'रंगणे' म्हणावे अशी झाडे थोडी, आणि त्यांत पहिला मान बदामाचा, म्हणजे किनाऱ्यावर नि शाळांच्या अंगणात सावलीसाठी लावतात त्या देशी बदामाचा. याची पाने फांदीच्या टोकाला चक्राकार असतात. खालचे पान आधी पिवळट, मग शेंदरी, मग गडद लाल होते. बरेचदा हे झाड वर्षातून दोनदा पाने टाकते, त्यामुळे भर पावसाळ्यातही लाल पान दिसले तर दचकू नये. तामणीची पानेही गळण्याआधी तांबूस-नारिंगी होतात. एप्रिल-मेच्या जांभळ्या फुलांपुढे हे कोणी लक्षात ठेवत नाही. खाडीकाठी गेव्याची पाने लाल होऊन पडतात. ती वेचायला जाऊ नये, त्या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते.

इथे दोन फसवणुकी नेहमी होतात. पावसाळा संपल्यावर घाटाखालच्या रानात लांबून गंजल्यासारखी तांबडी झाडे दिसतात आणि लोक 'पाने लाल झाली' म्हणतात. जवळ जा, पाने हिरवीच असतात. तो किंजळ, आणि तांबडे आहेत ते त्याच्या पंखवाल्या फळांचे घोस. दुसरी फसवणूक कोशिंबाची. फेब्रुवारी-मार्चात कोशिंब असा लालभडक होतो की कोणीही त्याला पानगळीचा रंग म्हणेल. पण ती पाने जाणारी नाहीत, येणारी आहेत. ती पालवी आहे. आंबा, कोकम, पिंपळ यांचीही कोवळी पाने तांबूसच. लाली त्याच अँथोसायनिनची, फक्त हरितद्रव्य अजून भरायचे असते. तिकडचे लाल बहुतेक निरोपाचे आणि आपल्याकडचे बहुतेक आगमनाचे, हे भाषांतर करणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे.

ओळखायचे कसे? पालवी फांदीच्या शेंड्याला असते, मऊ, चकचकीत, खाली लोंबणारी. पिकलेले पान शेंड्यापासून दूर, ताठ, निस्तेज. खात्री हवी तर देठाच्या बुडाशी अंगठ्याने हलके दाबा. पिकलेले पान गुळगुळीत खूण ठेवून सुटते, कारण देठ आणि फांदी यांच्यामध्ये पेशींचा तुटण्याजोगा थर आधीच तयार झालेला असतो. कोवळे पान तसे सुटत नाही. देठ फाटतो, कधी चीक येतो.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. 'पाने रंग बदलतात' हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण मराठीत रंग बदलतो तो सरडा, नाहीतर पुढारी. पानाला आपल्याकडे त्याच्या अवस्थेची क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वय झाले की पान पिकते. रोगाने, पाण्याने किंवा अन्नाच्या कमतरतेने ते पिवळे पडते. नारळाच्या खालच्या, जुन्या झावळ्या पिवळ्या पडल्या तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी असण्याचा संशय घ्यावा. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाचा. या दोन्हींना 'पिकले' म्हटले तर बागायतदार हसेल. खाऱ्या वाऱ्याने किंवा रोगाने पान करपते; समुद्राकडची बाजू तेवढी तपकिरी झालेली झाडे पाहा. पाणी तुटले की ते आधी कोमेजते, मग सुकते, वाळते. आणि वाळणे म्हणजे गळणे नव्हे. तोडलेल्या फांदीची पाने वाळून कोळ होतात, पण बहुधा फांदीलाच चिकटून राहतात, कारण देठाशी सुटण्याचे काम जिवंत फांदीच करू शकते. राबासाठी (भाताची रोपे करायची जमीन भाजण्यासाठी) ऐन-किंजळाची कवळ, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून ठेवणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

राबाचा विषय निघालाच आहे तर पडलेल्या पानांचा शब्दही नोंदवून ठेवू. देशावर पाचोळा किंवा पालापाचोळा म्हणतात, कोकणात पातेरा. दाढ (भाताच्या रोपांचा वाफा) भाजायची तर शेण, कवळ आणि वर पातेरा, अशी थराची भाषा असते. 'पातेरा' हा शब्द पुस्तकी मराठीत आला तर हवाच आहे. 'गळालेल्या पानांचा सडा' लिहून कोकणच्या वाचकाला गोंधळात पाडण्यापेक्षा कितीतरी बरा, कारण त्याच्या लेखी सडा म्हणजे कातळाचे पठार.

पानगळ की पानझड, हाही प्रश्न हमखास येतो. दोन्ही बरोबर, पण वापराचे कप्पे पडले आहेत. वनांच्या वर्गीकरणात 'पानझडी' हेच रूढ आहे : आर्द्र पानझडी, शुष्क पानझडी. बागायतीत 'गळ' चालते : फुलगळ, फळगळ, पानगळ, आणि तिथे तिला बहुधा नुकसानीचा वास असतो. अपवाद देशावरच्या डाळिंबाचा. बहार धरताना इथ्रेल हे रसायन फवारून मुद्दाम 'पानगळ करतात'. त्यातून सुटणारे इथिलीन वायू देठाजवळचा तो थर लवकर तोडायला लावते. ऋतूबद्दल लिहिताना पानगळ अधिक सहज वाटते. पानझड वापरलीत तरी कोणी अडवणार नाही.

तर वापराचा सल्ला असा. मजकूर तारखांबद्दल, विद्यापीठाच्या सत्राबद्दल किंवा नुसत्या ऋतुचक्राबद्दल असेल तर ऑटमला शरद लिहा. मजकूर पानांबद्दल असेल तर 'पानगळीचा ऋतू' किंवा नुसते 'पानगळ' लिहा. अमेरिकेत त्याला फॉल म्हणतात तेही पान पडण्यावरूनच, त्यामुळे जोडी चोख बसते. ऑटमला शिशिर लिहू नका. पाने जुळतील, पण महिने चुकतील, आणि ऑक्टोबरातल्या प्रसंगाला वाचक माघ समजेल. 'शरदात पाने रंग बदलतात' हे पुस्तकातले वाक्य कोकणातल्या मुलांसाठी दुरुस्त करायचे तर असे करता येईल : 'थंड देशांत शरदात पाने पिकून पिवळी-लाल होतात; आपल्याकडे शरदात गवत पिवळे होते, आणि झाडांची पाने शिशिरात पिकून गळतात.' चित्र मेपलचे असेल तर ते काढून बदामाचे टाकावे. ते झाड बहुतेक मुलांना शाळेच्या आवारातच दाखवता येते.